कुरोहामाचा वाकडा पाइन

३ मे १९४५, कुरोहामा

कोबेच्या आमच्या दैनिकात 'बंदरातली ये-जा' हे सदर मी चौदा वर्षं चालवलं. कोणतं जहाज आलं, कोणतं गेलं, काय उतरलं, काय चढलं. तांदूळ, रबर, साखर, तेल, सगळं दोन स्तंभांत मावत नसे. मग अमेरिकन पाणबुड्यांनी सदराचं संपादन हाती घेतलं. आधी 'ये' कमी झाली. पाठोपाठ 'जा' आटली, कारण जायला काही आलेलंच नसे. जहाज बुडाल्याचं छापायला बंदी, त्यामुळे मधला मजकूर गळत गेला आणि सदरात मथळा व माझं नाव एवढंच उरलं. परवा संपादक म्हणाले, "मुरोता, छपाईचा कागदसुद्धा जहाजानेच येतो, म्हणजे येत नाही. तुमचं सदर बंद. तुम्ही आता मुळं बघा."

मुळं म्हणजे पाइनची. तेलवाहू जहाजं पोचत नाहीत, म्हणून सरकारने देशभरच्या गावांना हुकूम सोडलाय: पाइनची मुळं खणा, भट्टीत भाजा, त्यातून तेल काढा, त्यावर विमानं उडवू. हे काम किती उत्साहात चाललंय ते मी या कोळ्यांच्या गावातून लिहायचं आहे. उत्साहाचं वार्तापत्र मी गाडीतच लिहून टाकलं. ही वही वर्तमानपत्रासाठी नाही, तेव्हा हिच्यात जे दिसेल ते लिहायला हरकत नाही.

५ मे

मला पुजारी केलं आहे.

इथल्या देवळाचा पुजारी गेल्या वर्षी सैन्यात गेला. काल गावचे प्रमुख हिओकी भेटायला आले. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. "तुम्हाला संस्कृत येतं म्हणे?"

म्हटलं, "तरुणपणी बौद्ध विद्यालयात सहा वर्षं घोकलं. विसरायला तीस वर्षं मिळाली."

"गावात कुणालाच येत नाही, म्हणजे उरलंय तेवढं पुष्कळ झालं. उद्या सकाळपासून पूजा तुमच्याकडे, गुरुजी. घंटाही वाजवायची."

"घंटा तर दिसत नाही."

"ती धातूसाठी सरकारजमा झाली. तुम्ही तोंडाने म्हणा."

आज सकाळी मी देवळाच्या पायरीवर उभा राहून मोठ्याने 'ठण्ण' म्हणालो. तीन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

उतरलो आहे ओरिकु-सान यांच्या घरी. बाई चाळिशीच्या, कामाला वाघ, जिभेला धार. नवरा ताकिझो मालवाहू जहाजाचा कप्तान. फेब्रुवारीत कोरियातल्या फुसानकडे निघाला, तेव्हापासून चिठ्ठी नाही की चपाटी नाही. मला त्याची खोली, त्याचं अंथरूण आणि त्याच्या खडावा मिळाल्या आहेत. खडावा मोठ्या होतात. परगावी गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून बाई दोन्ही वेळा त्याचंही ताट मांडतात. ते ताट अर्थातच कुणी खात नाही, मग निवल्यावर मला मिळतं. म्हणजे मी रोज दोनदा त्याच्या वतीने जेवतो.

"हळू खा गुरुजी," आज बाई म्हणाल्या. "त्यांना घाईने खाल्लं की उचकी लागते."

मी हळू खाल्लं.

९ मे

मुळं खणणं हा प्रकार दिवसभर पाहिला. झाड पाडायला एक माणूस पुरतो, मूळ काढायला अख्खं खानदान लागतं. आज्या, सुना, शाळेचे मास्तर, सगळे खड्ड्यात. भट्टीतून संध्याकाळी वाडगाभर काळं पाणी निघालं. त्याला लोकांनी वाकून नमस्कार केला.

हिओकी म्हणाले, "लिहून घ्या गुरुजी. दोनशे मुळांत एक विमान एक तास उडतं."

"अर्ध्या तासाने परत फिरावं लागत असेल नाही?"

"असले प्रश्न शत्रू विचारतो."

पोस्ट सांभाळणाऱ्या ओशिमे आजी तेवढ्या खणायला येत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही म्हणे. आज हिओकींनी त्यांच्या कानाशी तीनदा ओरडून सांगितलं, "खणायला या!" आजी म्हणाल्या, "हो हो, गारठा आहे खरा." संध्याकाळी ओरिकु-सान स्वयंपाकघरात माझ्याशी हळूच बोलल्या की आज एक बांगडा मिळालाय. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आजी वाडगा घेऊन हजर. म्हातारपणी कान लहरी होतात हे खरं.

१७ मे

सकाळी समुद्राकडे मोठा आवाज झाला. खिडक्यांचे कागद थरथरले. आकाश निरभ्र होतं.

"गडगडाट," हिओकी म्हणाले.

"गडगडाट," सगळे म्हणाले.

जहाज बुडालं असं म्हणणं गुन्हा आहे. त्यामुळे या किनाऱ्यावर गेलं वर्षभर नुसता गडगडाट होतो. पाऊस मात्र पडत नाही.

दुपारी भरतीबरोबर किनाऱ्यावर सोयाबीन आलं. पोती फुटलेली, दाणे वाळूभर. गाव टोपल्या घेऊन उभं, पण पुढे कुणी होईना, कारण बुडालेल्या जहाजाचा माल उचलायचा तर जहाज बुडाल्याचं कबूल करावं लागणार. हिओकींनी बराच वेळ कपाळ चोळलं. मग दवंडी देणाऱ्या आवाजात म्हणाले, "यंदा समुद्रात शेवाळ वेगळ्याच आकाराचं आलंय. गोळा करायला हरकत नाही."

रात्री जेवायला शेवाळाची उसळ होती. उत्तम. ओरिकु-सान यांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. म्हणाल्या, "त्यांच्या जहाजावर यावेळी कोळसा होता." मग तो दाणा नवऱ्याच्या ताटात ठेवला.

२४ मे

डोंगरातली पाइनची झाडं संपत आली. ठरवून दिलेलं तेल अजून निम्मंही नाही. आज हिओकींची नजर देवळाच्या पाइनवर गेली.

संस्कृतात या जातीला 'सरल' म्हणतात. हे नाव देणाऱ्याने आमच्या देवळातलं झाड पाहिलेलं नाही. भूशिराच्या टोकावर ते असं वाकलंय, की बुंधा समुद्राकडे निघालाय आणि वाटेत विचार बदलून शेंडा घराकडे परतलाय. "हे एकटं शंभर मुळांच्या बरोबरीचं," हिओकी म्हणाले आणि बुंध्यावर हात फिरवला, खाटीक फिरवतो तसा.

ओरिकु-सान भाजीची पाटी टाकून धावल्या. "प्रमुखसाहेब, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या खुणेवर जहाजं आत येतात!"

खूण अशी. खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक. समुद्रातून येताना हा पाइन आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आली, की खाली खोल वाट असते, तेव्हाच आत शिरायचं. इथली प्रत्येक नाव पिढ्यान्‌पिढ्या तशीच येते.

"जहाजं आहेत कुठे आत यायला?" हिओकी म्हणाले.

"माझं एक बाहेर आहे," बाई म्हणाल्या.

शेवटी हिओकींनी जबाबदारी वर ढकलली. सरकारी तेल-कचेरीला तार केली: 'देवळाचा पाइन लगेच खणावा, की मुख्य मठाच्या परवानगीची वाट पाहावी?'

पाइन गेला तर बाईंचा नवरा आलाच तरी खडकांवर येणार. तो येईल असं मला वाटतं का? वाटत नाही. पण ती बाई त्या झाडाकडे ज्या नजरेने पाहते, त्यापुढे माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही. बाईंच्या भुवया फार सुरेख आहेत. हे विषयाला सोडून झालं.

२६ मे

ओरिकु-सान यांनी उरलेलं शेवाळ, म्हणजे सोयाबीन, अख्खी पिशवी भरून ओशिमे आजींना नेऊन दिलं. दोघी पोस्टाचं दार लावून बराच वेळ बसल्या होत्या. लोणच्याचं काहीतरी असावं. परत आल्या तेव्हा बाई गुणगुणत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या भाषेत किती गमती असतात नाही?" म्हटलं, "असतात." कुणाला व्याकरणाची गोडी लागली की मला बरं वाटतं.

२७ मे

तार आली. तेल-कचेरीचा मजकूर तालुक्याच्या पोस्टातून टेलिफोनवर सांगतात, आजी ऐकून लिहितात. लिहायचं नुसत्या उच्चारांच्या लिपीत, अर्थ ज्याने त्याने लावायचा. आजीच्या अक्षरात एवढंच होतं: 'मात्सु-नि ओयोबाझु'. मात्सुची गरज नाही.

हिओकींनी फावडं उचललं. "बघा! मात्सुची गरज नाही. वाट पाहायची गरज नाही. खणा!"

ओरिकु-सान आडव्या आल्या. "वाचता येतं का नीट? मात्सुची गरज नाही. पाइनची गरज नाही. राहू द्या!"

आता आमच्या भाषेत 'मात्सु' म्हणजे पाइन आणि 'मात्सु' म्हणजेच वाट पाहणं. उच्चार एक, चढउतार एक. या एका श्लेषावर आमच्या कवींनी हजार वर्षं गुजराण केली, विरहिणींना पाइनखाली उभं करून करून झाडं आणि बायका दोन्ही थकवल्या. तेल-कचेरी या परंपरेत सामील होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, पुन्हा तार करून विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आलोय. वरिष्ठांना 'तुमचं कळलं नाही' असं कळवायचं म्हणजे वरिष्ठ नीट बोलत नाहीत असं म्हणणं झालं. कुरोहामात आजवर कुणी असलं धाडस केलेलं नाही.

"गुरुजी ठरवतील," ओशिमे आजी अचानक म्हणाल्या. त्यांना वाद कसा ऐकू आला कोण जाणे.

मग मी घसा साफ केला. म्हटलं, "शास्त्र असं, की एका शब्दाचे दोन अर्थ संभवले, तर प्रकरण कशाचं आहे ते पाहून अर्थ घ्यावा. प्रकरण कशाचं आहे?"

"पाइनचं," हिओकी म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"तर मग अर्थही पाइनचाच." वजन यावं म्हणून वर विभक्तीचे प्रत्यय संथ लयीत म्हटले. हिओकींनी टोपी काढली. सहा वर्षांच्या घोकंपट्टीचा असा उपयोग होईल हे माझ्या गुरूंच्याही ध्यानात आलं नसेल. आज ताटात मोठं रताळं होतं. माझ्या ताटात.

६ जून

तेल-कचेरीतून अधिकारी कुसुमोतो स्वतः आले. तरुण, इस्त्रीदार, प्रत्येक वाक्याआधी टाचा जुळवणारे. पाइन उभा पाहून लाल झाले.

"मी स्पष्ट कळवलं होतं: ताबडतोब खणा!"

हिओकींनी तारेचा कागद पुढे केला. कुसुमोतोंनी वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. "हे मी पाठवलेलंच नाही! कुणी लिहून घेतलं?"

ओशिमे आजी कानामागे हात धरून पुढे आल्या. "काय म्हणालात बाळा? जेवूनच जा."

"तार! तुम्ही चुकीची ऐकलीत!"

"गडगडाट होता हो त्या दिवशी तारेत. जेवढं ऐकू आलं तेवढं लिहिलं."

बिचारी. त्या वयात कानांनी दगा दिला तर दोष कुणाला द्यायचा? योगायोग मात्र असा, की चुकून ऐकलेल्या वाक्यातही श्लेष निर्दोष साधला होता. मी हे कौतुकाने बोलून दाखवलं, तर ओरिकु-सान यांना एकाएकी खोकला लागला.

उद्या सकाळी कुसुमोतोंच्या देखरेखीखाली खणायचं ठरलं. यावर शास्त्राधार नाही.

७ जून

सगळं नीट क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी गाव फावडी घेऊन भूशिरावर. पाइनच्या बुंध्याला पाठ टेकून ओरिकु-सान बसलेल्या, मांडीवर डबा.

"बाई, उठा!" कुसुमोतोंनी टाचा जुळवल्या.

"जेवतेय."

"डबा उघडलेलाही नाही!"

"भूक लागली की उघडेन."

शेवटी बाईंना वळसा घालून मागच्या बाजूने खणायला सुरुवात झाली. एक जाड मूळ उघडं पडलं, हिओकींनी कुऱ्हाड उगारली आणि तशीच हवेत ठेवली. ते समुद्राकडे पाहत होते.

एक जुनाट मालवाहू बोट किनाऱ्याला लगटून, काळा धूर ओकत येत होती. कप्तान वेड्यासारखा नागमोडी चालवत होता. कारण लगेच दिसलं. तिच्या मागे पाण्यावर एक काठी सरळ रेषेत सरकत होती. माझं चौदा वर्षांचं सदर ज्यांनी खाल्लं त्यांचं आज पहिल्यांदा दर्शन झालं.

"गडगडाट!" कुणीतरी ओरडलं.

"गप रे, पाणबुडी आहे!" हिओकी म्हणाले. कायदा मोडला तो असा.

बोट खाडीसमोर आली, वळली, थबकली. ती रेष शोधत होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पाइनचा वाकडा बुंधा समुद्रावरून दिसणार कसा, आम्ही चाळीस माणसं त्याच्यासमोर गर्दी करून उभी! ओरिकु-सान यांच्या आधी लक्षात आलं होतं. "बसा!" त्या किंचाळल्या. "सगळे खाली बसा! तुम्हीसुद्धा, टाचावाले!"

अख्खं गाव जमिनीवर सपाट झालं. कुसुमोतो खड्ड्यात.

बोटीने नाक वळवलं. पाइन, खिंड, सरळ रेष, आणि ती दोन खडकांमधून लोण्यातून सुरी जावी तशी आत आली. मागून पाण्यात पांढरी रेघ धावत आली. टॉर्पेडो. बोटीला चुकवून, खडकाला पोट घासून तो तिरपा झाला, आणि फुर्र फुर्र करत थेट आमच्या किनाऱ्यावर वाळूत चढला. थोडा वेळ शेपटीचा पंखा फिरला. मग थांबला.

फुटला नाही. आम्हीही बराच वेळ उठलो नाही.

८ जून

बोटीचा इंजिनवाला टॉर्पेडोशी बराच वेळ कान लावून बसला, मग पुढचं टोक सोडून मागच्या बाजूची एक झडप त्याने उघडली. आतून स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी आलं. त्याने वास घेतला. त्याचा चेहरा उजळला.

"दारू आहे."

त्यांचे टॉर्पेडो दारूवर चालतात! पिंपामागून पिंप भरलं. गावाने महिनाभर मुळं खणून काढलेल्या तेलाहून अधिक इंधन शत्रूने एका सकाळी घरपोच दिलं. कुसुमोतो पिंपांकडे पाहत उभे होते. मग त्यांनी टाचा जुळवल्या नाहीत, ही खास नोंद. म्हणाले, "कुरोहामाने ठरवून दिलेलं इंधन पुरं केलं. पाइन... मात्सु-नि ओयोबाझु." आणि पहिल्यांदाच हसले.

हिओकींनी आग्रह केला, एवढ्या आनंदात एकेक पेला व्हायलाच हवा. कुसुमोतो, हिओकी, बोटीचे कप्तान इबुकी, मास्तर, सगळ्यांनी घेतला. मी पुजारी असल्याने हात जोडले.

इंजिनवाला जेवून परतला तोवर उशीर झाला होता. "अहो प्यायलात? त्यांच्या खलाशांनी चोरून पिऊ नये म्हणून त्यात जुलाबाचं तेल घालतात म्हणे!"

वाक्य पुरं व्हायच्या आत हिओकी उठले होते.

गावात संडास चार.

११ जून

आरमाराचे दोन अधिकारी टॉर्पेडो न्यायला आले. पुढचं टोक कसलेसे मंत्र म्हणत सोडवलं, मागची टाकी ठोकून पाहिली. पोकळ. धाकट्याने वहीत लिहिलं आणि थोरल्याला वाचून दाखवलं: "शत्रूलाही इंधनाची तीव्र टंचाई भासत असल्याचं दिसून येतं." दोघे समाधानाने परत गेले. हे मी वार्तापत्रातही घातलं. ते नक्की छापून येईल.

आज कप्तान इबुकी पहिल्यांदाच सरळ उभे राहू शकले. गेले तीन दिवस ते दिसेल त्याला "तो पाइन..." एवढंच म्हणत आणि पळत. आज अंगणात येऊन बसले, ओरिकु-सान यांनी पेज दिली, तेव्हा वाक्य पुरं झालं.

"तो पाइन उभा नसता तर आम्ही खडकांवर होतो. मला तरी कुठे ठाऊक होतं? फुसानला एकाने सांगितलेलं. म्हणाला, कधी पाठलाग झाला तर कुरोहामात शीर, वाकडा पाइन खिंडीत धर. कियोताकी मारू नावाच्या जहाजाचा कप्तान. बडबड्या माणूस. सारखी उचकी लागत होती त्याला."

पळी ओरिकु-सान यांच्या हातात तशीच राहिली. "कधी?"

"काय कधी?"

"हे त्यांनी कधी सांगितलं?"

"एप्रिलच्या शेवटाला. त्यांचं जहाज दुरुस्तीला ओढलं होतं, यंत्राचा भाग मिळत नव्हता. धडधाकट होता हो."

मी तोंडाशी नेलेला पेजेचा वाडगा खाली ठेवला.

"एप्रिल!" बाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये धडधाकट, आणि एक पत्र नाही?"

"टाकलं की. माझ्यादेखत. पण टपाल ज्या बोटीने निघालं तिच्यावर..." इबुकींनी इकडेतिकडे पाहिलं. "गडगडाट झाला."

"मग दोन बोटींनी दोन टाकायची! मूर्ख माणूस! चार महिने मी ताट मांडतेय, आणि हा तिकडे गप्पा छाटतोय!"

इबुकी पेज तशीच टाकून निघाले. यावेळी कारण वेगळं होतं.

बाई आत गेल्या आणि नवऱ्याचं अंथरूण, म्हणजे माझं, गुंडाळून अंगणात घेऊन आल्या. "गुरुजी, आजपासून तुम्ही देवळात झोपा. ते कधीही येतील. याला ऊन दाखवायला हवं, तुमचा शाईचा वास लागलाय."

म्हटलं, "बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार?

"नुसतं बरोबर काय? दुसरं टोक धरा."

मी धरलं. बाईंनी काठी घेतली आणि अंथरूण झोडपायला लागल्या. प्रत्येक फटक्याला "एप्रिल!" म्हणत होत्या. धूळ उडत होती, त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्या धुळीत नीट कळेना. मी आपलं टोक ताणून धरून उभा होतो, हात भरून आले तरी.